आजीच्या वर्षाच्या मिस्सासाठी जीवनपट लिहायचाय, 'धार्मिक, प्रेमळ, मनमिळाऊ'च्या पुढे गाडीच जात नाहीये

वसईची_मोगरी

नमस्कार सगळ्यांना. मी वसईची, आम्ही सामवेदी ख्रिस्ती, घर वाडीतलं. पुढच्या महिन्यात आजीला जाऊन वर्ष होतंय, तिची वर्षाची मिस्सा (चर्चमधली उपासना) आहे आणि त्या दिवशी येणाऱ्यांना द्यायला छोटी पुस्तिका काढायचं मोठ्या काकांनी ठरवलंय, सात-आठ पानं, थोडे फोटो आणि जीवनपट. घरात मराठी टायपिंग मलाच येतं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं. तक्रार नाही, पण अडकलेय.

काकांनी कागदावर लिहून दिलंय की आजी अत्यंत धार्मिक, प्रेमळ, मनमिळाऊ व कष्टाळू होती, चर्चच्या सर्व कार्यात तिचा सक्रिय सहभाग असे, तिच्या पश्चात तीन मुलगे, दोन मुली, सुना, जावई, नातवंडं असा मोठा परिवार आहे. सगळं खरंय. पण हेच्या हेच शेजारच्या मावशींच्या कार्डावर होतं, नाव बदललं तरी कुणाच्या लक्षात येणार नाही.

मला माहितीये ते एवढंच. आधार कार्डावर जन्म १ जून १९३८, पण तिची आई म्हणे सांगायची की आवणी (भाताची लावणी) झाल्यावर, भर पावसात झाली. लग्न करून आली तेव्हा घरात केळी आणि पानवेली. ती कित्येक वर्षं पहाटेच्या लोकलने लगेजच्या डब्यातून भाजी आणि मोगरा घेऊन दादरला जायची, दुपारी घरी, मग वाडी, मग पोरं. मोठे काका बँकेत होते, मधले माझे पप्पा, त्यांनी वाडी सांभाळली, धाकटे काका कॅनडात. मोठी आत्या सिस्टर आहे, गुजरातमध्ये कॉन्व्हेंटला. धाकट्या आत्याचं सासर कोळीवाड्यात.

चर्चचं म्हणाल तर महिला मंडळ, गरिबांना मदत करणारी विन्सेंट दी पॉल सोसायटी, ऑक्टोबरात घरोघरची रोझरी (जपमाळेची प्रार्थना), कुणी आजारी असलं की हॉस्पिटलात डबा. पाण्याच्या मोर्च्यालाही गेली होती म्हणतात. पण यातलं एकही मला नीट सांगता येत नाही, नेमकं काय करायची, कुणासाठी, कधी. आम्ही नातवंडं म्हणून तिच्या हातच्या फुग्यांची (तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची) आणि सुकेळीची (सुकवलेल्या केळ्यांची) आठवण काढतो आणि तिथेच थांबतो. कुणी असं काही लिहिलंय का? कुठून सुरू करू, कुणाला काय विचारू? वेळ तसा कमी आहे, प्रिंटिंगवाल्याला दहा दिवस आधी द्यायचंय.

---

गावठी_केळं

मोगरी, आधी तारीख. १ जून म्हणजे मास्तरांची तारीख, शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख आठवली नाही की सरसकट १ जून, अख्ख्या महाराष्ट्रातली निम्मी म्हातारी माणसं १ जूनला जन्मलेली आहेत :) त्यामुळे आजीची आई सांगायची तेच खरं असण्याची शक्यता जास्त.

तुमच्याकडे सोय अशी की चर्चच्या वहीत बाप्तिस्म्याची नोंद असते. तिच्या माहेरच्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये जा, लग्न झालं तिथे नाही, हे लोक विसरतात. त्या काळी मूल झालं की थोड्याच दिवसांत बाप्तिस्मा उरकायचे कारण मूल जगेल की नाही याची खात्री नसायची, म्हणजे जन्मतारीख नसली तरी आसपासची मिळतेच. नोंदीत आईबाप आणि गॉडफादर-गॉडमदर यांची नावं असतात. आणि त्याच नोंदीच्या बाजूला समासात बघ, दृढीकरण कधी, लग्न कुठल्या चर्चमध्ये कधी झालं ते लिहिलेलं असतं, लग्न लावणाऱ्या चर्चने बाप्तिस्मा झालेल्या चर्चला कळवायचं असा चर्चच्या कायद्यातच नियम आहे. एका पानावर बाईचं अर्धं आयुष्य सापडतं.

अजून मागे, म्हणजे आजीच्या आईबापांचं शोधायचं असेल तर पोर्तुगीज वाचणारं कुणीतरी गाठ. १९२८ पर्यंत आपली वसई मुंबईच्या आर्चबिशपांकडे नव्हतीच, दमणच्या धर्मप्रांतात होती, पाद्रोआदोखाली, म्हणजे पोर्तुगीजांच्या धार्मिक अधिकाराखाली. मग मुंबई, आणि १९९८ पासून वसईचा वेगळा धर्मप्रांत. जुन्या वह्यांत आडनावाचं स्पेलिंग दर पिढीत वेगळं दिसेल, घाबरू नको, लोपीसचं लोपेस आणि घोन्सालविसचं गोन्साल्वेस होतंच. घराचं नाव किंवा आळीचं नाव जुळतंय का ते बघ.

आणि ऑफिसात सकाळच्या मिस्सानंतर लगेच जाऊ नको, तेव्हा सगळ्यांना सर्टिफिकिटं हवी असतात. आधी फोन कर, वर्ष अंदाजे सांग, म्हणजे सिस्टर किंवा क्लार्क वही काढून ठेवतील. सोबत आजीचं एखादं ओळखपत्र ने, नात आहेस हे दाखवावं लागेल.

---

माडाखाली

मी सावंतवाडीची. आमचं वातावरण थोडं वेगळं, आमचा सिंधुदुर्ग धर्मप्रांत तर २००५ चा, त्याआधी आम्ही पुण्याखाली होतो, घरात कोकणी, बाजारात मालवणी, शाळेत मराठी. पण बायका सगळीकडे सारख्याच गो, काय सांगू तुका.

माझ्या आईचं लिहिताना मी जो मार्ग धरला तो सांगते. घरच्यांना विचारलंच नाही आधी. घरच्यांना आई म्हणजे स्वयंपाक आणि ओरडा एवढंच आठवतं, आमचंही तेच झालं. मी बाहेरच्यांकडे गेले. मे महिन्यात चाकरमानी आले की वाडीवरच्या क्रुसाकडे लादिन होते ना, उकडलेले चणे वाटतात, ती लादिन माझी आई चालवायची, म्हणजे प्रार्थना ती सुरू करायची आणि गाणीही. तर मी मे महिन्यात तिथे जाऊन उभी राहिले आणि म्हाताऱ्यांना विचारलं की हिच्या आधी कोण करायचं आणि हिने कधी घेतलं. तेव्हा कळलं की आधी एक म्हातारबुवा करायचे, ते वारले त्या वर्षी कुणीच पुढे होईना, पुरुष सगळे मुंबईला, तेव्हा आईने चौतीस-पस्तिशीत ती जागा घेतली आणि त्यावर वाडीत बरीच कुजबूज झाली. ही गोष्ट आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हती, बाबांनाही नीट नव्हती!

तू विन्सेंट दी पॉल म्हणालीस तर तुझं काम सोपं आहे. ती सोसायटी १८३३ पासूनची, पॅरिसमध्ये ओझानाम नावाच्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन काढलेली, आणि तिची पद्धत अजून तीच आहे. गरिबाच्या घरी भेटीला एकट्याने जायचं नाही, दोघांनी जायचं. म्हणजे तुझ्या आजीची एक जोडीदारीण असणार! ती हयात असेल तर सगळं सोडून आधी तिच्याकडे जा. आणि बैठकीचं इतिवृत्त लिहितात, कुठल्या घराला तांदूळ, कुणाची फी, कुणाचं औषध. त्या वह्या असतील तर बघायला माग, मात्र मदत घेतलेल्यांची नावं पुस्तिकेत चुकूनही नको, ते लोक त्याच मिस्साला बसलेले असतील. बैठकीत थैली फिरवतात तीसुद्धा झाकलेली, कुणी किती टाकले ते शेजारच्याला कळू नये म्हणून. त्या माणसांची तीच रीत.

प्रश्न विचारताना 'त्या कशा होत्या' विचारू नको. चांगल्या होत्या, हेच उत्तर येतं. 'शेवटचं भांडण कशावरून झालं' विचार, लोक हसतात आणि मग सुटतात.

---

पाणीवाला

वरचं सगळं बरोबर. मी जरा कोरडं सांगतो.

मोर्च्याचं म्हणतेयस ती 'हरित वसई'ची चळवळ असणार, ऐंशीच्या दशकाचा शेवट, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते. बिल्डिंगा आल्या, बिल्डिंगांना पाणी नाही, म्हणून वाडीतल्या विहिरींतून टँकर भरायला लागले, रात्रंदिवस पंप. समुद्र हाकेच्या अंतरावर, गोडं पाणी उपसलं की खारं आत येतं, हे आपल्या आज्यांना कुणी शिकवायला नको होतं, विहिरीचं पाणी चहात कळतं. आता फादरांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलंय आणि योग्यच आहे, २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, २०२४ च्या जुलैत गेले. पण मोर्च्याला माणसं आणली कुणी? घरोघर फिरून, संध्याकाळच्या रोझरीनंतर, ते महिला मंडळांनी. फोटोत बघ, पुढे झब्बेवाले पुरुष आणि मागे लाल लुगड्यांची रांगच्या रांग, एकीचंही नाव खाली नाही. त्या रांगेत आजी सापडली तर तो फोटो मुखपृष्ठावर टाक, स्टुडिओतला नको. 'सुवार्ता'चे जुने अंक कुणाकडे बांधून ठेवलेले असतील तर चाळ, धर्मग्रामांच्या बातम्या त्यात यायच्या.

दुसरं, जे कुणी सांगणार नाही. सातबारा आणि फेरफार काढ. आजोबा गेल्यावर वारसनोंद झाली असेल, त्यात कुणाकुणाची नावं लागली ते बघ. ख्रिस्ती माणसाला १९२५ चा उत्तराधिकार कायदा लागतो, मृत्युपत्र न करता नवरा गेला आणि मुलं आहेत तर बायकोला एक तृतीयांश, उरलेलं मुलामुलींत सारखं, मुलगा-मुलगी भेद नाही. कागदावर इतकं सरळ. प्रत्यक्षात कोकणात काय होतं सगळ्यांना माहितीये, महिन्याची मिस्सा झाली की भाऊ हक्कसोडाचा कागद घेऊन येतात आणि बहिणी माहेर तुटू नये म्हणून सही करतात, हिंदू काय ख्रिस्ती काय. तुझ्या आजीने काय केलं? स्वतःचं नाव ठेवलं? पोरींची लावली? मला विचारशील तर नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना) किती केल्या यापेक्षा हे जास्त सांगून जातं. पुस्तिकेत टाकायचं की नाही तुझं तू ठरव, पण तुला तरी माहीत असू दे.

---

माडाखाली

पाणीवालादादा, नोव्हेनाला कमी लेखू नका हां. पहाटे लोकलने जाणाऱ्या बाईला दिवसात बसायला मिळणारी जागा तीच. माझी आई म्हणायची चर्चमध्ये कुणी पाणी मागत नाही.

---

पाणीवाला

मान्य. मागे घेतो.

---

वसईची_मोगरी

थँक्यू थँक्यू सगळ्यांना, दोन आठवडे गायब होते कारण खरंच फिरत होते. सांगते काय काय झालं.

बाप्तिस्मा सापडला. जुलै १९३७! म्हणजे आजी आधार कार्डापेक्षा वर्षाने मोठी आणि पणजी बरोबर, आवणी झाल्यावरच. आणि गॉडमदरच्या जागी जे नाव आहे ते घरात कुणालाच माहीत नाही, पप्पांचा अंदाज की शेजारची कुणी असेल.

जोडीदारीण भेटली, माडाखालीताई तुम्हाला शंभर नमस्कार. त्या आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, ऐकायला कमी येतं, पण आजीचं नाव काढलं आणि मग मला बोलायची गरजच पडली नाही. त्या सांगतात की भेटीला निघताना आजी पदराखाली भाजीची जुडी घ्यायची, सोसायटीचं तांदूळ वेगळं आणि ही जुडी वेगळी, आणि त्या घरी बसून ती स्वतःच निवडायला घ्यायची. का, तर हात कामात असले की समोरची बाई बोलते, नुसतं समोर बसलं की रडते किंवा गप्प बसते. लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची तेव्हाची गाणी दोघींना अर्थ न कळता पाठ होती, त्यांनी मला एक म्हणून पण दाखवलं, मग साठच्या दशकातल्या त्या व्हॅटिकनच्या परिषदेनंतर मराठी मिस्सा आली तेव्हा आजी म्हणाली होती, बरं झालं, आता देवाला काय सांगतोय ते आपल्यालाही कळेल. हे वाक्य मी जसंच्या तसं घेणार आहे. मराठी आल्यावर वाचन करायला बायका पुढे येईनात तेव्हा आजीच उभी राहिली म्हणे, चौथीपर्यंत शिकलेली, घरी केळीच्या पानांचे गठ्ठे बांधताना मोठ्याने सराव करायची. पोप फ्रान्सिसनी २०२१ ला बायकांना वाचकाचा अधिकृत सेवाभार द्यायची मोकळीक दिली तेव्हा तिला मी मोबाइलवर वाचून दाखवलं होतं, ती म्हणाली, म्हणजे इतकी वर्षं मी चोरून वाचत होते काय!

सातबारा पण काढला. आजोबा मृत्युपत्र न करता गेले होते. आजीचं नाव आहे, दोन्ही आत्यांची पण आहेत, हक्कसोड कुणी केलेलाच नाही. म्हणून मधे एका बिल्डरने विचारलं तेव्हा रस्त्याकडची अर्धी गेली आणि विहिरीकडची अर्धी राहिली. आजीने सही दिली नाही आणि पाठोपाठ सिस्टर आत्यानेही दिली नाही, तिकडून गुजरातवरून पत्र पाठवलं. मला वाटायचं पप्पांनी वाडी राखली :) पप्पा पण आता हसतात.

आता खरी अडचण. जोडीदारीण मावशींनी 'शेवटचं भांडण' म्हटल्यावर दुसरंच काढलं. धाकट्या आत्याने कोळीवाड्यातला मुलगा केला, कॅथॉलिकच, चर्चमध्ये लग्न, तरी आजीने खूप विरोध केला होता. सामवेदी, वाडवळ, कोळी, सगळे एका चर्चमध्ये गुडघे टेकणार आणि सोयरीक म्हटली की आपापल्या आळीत. आजी लग्नाला गेली पण जेवली नाही, आणि मग बराच काळ आत्याकडे गेलीच नाही, रोझरीची मूर्ती आत्याच्या आळीत जाणार असली की त्या संध्याकाळी हिचं डोकं दुखायचं. हे मला माहीतच नव्हतं, माझ्या आठवणीत आत्या दर रविवारी मासळी घेऊन यायची. हे लिहायचं का? काका म्हणतात वर्षाच्या मिस्साला असलं काही काढायचं नसतं, आणि पप्पा काहीच म्हणत नाहीत.

---

गावठी_केळं

काकांशी सहमत. पुस्तिका घराघरात जाणार, कपाटात बायबलबरोबर राहणार. मेलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. आणि तो काळच तसा होता, तिच्या जागी गावातली दुसरी कुठलीही बाई तशीच वागली असती, मग तिच्याच नावाने का छापायचं? विहिरीचं लिही, वाचनाचं लिही, भाजीच्या जुडीचं लिही, भरपूर आहे तुझ्याकडे.

---

पाणीवाला

मला पटत नाही. विहिरीचं लिहायचं आणि कोळीवाड्याचं गाळायचं म्हणजे परत काकांचाच कागद झाला, फक्त जास्त चांगल्या मराठीत. आणि 'काळ तसा होता' म्हणताय तर आत्याचा काळ पण तोच होता ना, तिने केलंच की लग्न. तरी मी म्हणेन निर्णय ना काकांचा ना मोगरीचा, भोगलं आत्याने. तिला विचार. नाही म्हणाली तर गाळ, आणि तेव्हा वाईट वाटून घेऊ नको.

---

माडाखाली

हेच म्हणणार होते. आणि विचारायला फोन नको करू, जा. त्यांचे मिस्टर घरी असताना जा, त्यांचाही त्यात वाटा आहे.

अबोला मोडला कसा ते पण विचार. नुसता अबोला छापलास तर तो आजीवर अन्याय होईल.

---

वसईची_मोगरी

गेले होते आत्याकडे काल. बोंबील वाळत घातले होते, मला पण कामाला लावलं, सगळं बोलणं काठीवर बोंबील अडकवता अडकवताच झालं.

आत्या म्हणाली लिही, त्यात लपवायचं काय, अख्ख्या धर्मग्रामाला माहितीये, तुम्हा पोरांनाच माहीत नव्हतं. अबोला मोडला तो विन्सेंट दी पॉलमुळेच. कोळीवाड्यात एका घरी भेट द्यायची होती, वादळात होडी गेली होती त्यांची, आणि जोडी आजीची लागली. त्या घराला जायचा रस्ता आत्याच्या दारावरून. जाताना आजी सरळ पुढे गेली. येताना त्या जोडीदारीण मावशी म्हणाल्या मला तहान लागलीय, आणि आत्याच्या ओट्यावर जाऊन बसल्याच. आजी बराच वेळ रस्त्यातच उभी होती म्हणे. मग आतोबांनी तांब्याभर पाणी रस्त्यावर नेऊन दिलं. माफी वगैरे कुणी कुणाची मागितली नाही, पुढच्या रविवारी आजीने केळ्यांचा घड पाठवला आणि आत्याने मासळी, आणि ते सुरूच राहिलं. (मावशींनी स्वतः हे मला सांगितलं नव्हतं, परत जाऊन विचारलं तर म्हणाल्या मला खरंच तहान लागली होती.)

काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले एवढं मोठं कशाला, दोन ओळीत बसव. मी सहा ओळीत बसवलंय, बघू.

आतोबांची मात्र एक अट आहे. परिवाराच्या यादीत काकांनी जावयांमध्ये त्यांचं नाव शेवटी टाकलं होतं, चुलत बहिणीच्या नवऱ्यांच्याही खाली. ते म्हणतात बाकी काहीही छाप, सख्खा जावई मी एकटाच आहे, नाव पहिलं पाहिजे. तेवढं बदलून आज रात्री प्रिंटिंगवाल्याला पाठवतेय. मोर्च्याचा फोटो अजून मिळालेला नाही, कुणाच्या घरी जुने अल्बम असतील तर प्लीज मेसेज करा, शनिवारपर्यंत मुखपृष्ठ बदलता येईल असं तो म्हणालाय.